वरंगा धरणावरचा निरोप

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. स्वतः कधी लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर निम्म्या अनुभवांवर मी मनातल्या मनात हसलेच आहे. माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. कुणीतरी छातीठोकपणे सांगतं की सगळं उत्तम चाललंय, आणि ते नेमकं कुठे मोडतं हे मी शोधून काढते. घरात उदबत्ती लावते ती वासासाठी. आत्मा, दृष्टांत, शकुन... यातलं मी काहीच मानत नव्हते, आणि आजही मानायला लागले आहे असं नाही. पण एक गोष्ट मला अजून मोडता आलेली नाही. ती आठवली की मला भीती वाटत नाही, संताप येतो. तेव्हा अंगावर काटा यावा म्हणून वाचणार असाल तर आधीच सांगते - भर दुपार होती, लख्ख ऊन होतं आणि कुणीही किंचाळलं नाही.

आम्ही मेलबर्नच्या उत्तरेला, क्रेगीबर्नला राहतो. मी, नवरा निखिल आणि मुलगी सई, तेव्हा सात वर्षांची. २०२० च्या फेब्रुवारीत माझे सासरे, म्हणजे बाबा, तीन महिन्यांसाठी पुण्याहून आमच्याकडे आले. सासूबाई एप्रिलमध्ये मागून येणार होत्या. "पापड-कुरडया उरकते आणि येते, मनीषा एकटी कुठे पुरी पडणार," म्हणाल्या. मनीषावहिनी म्हणजे माझी मोठी जाऊ, हेमंतदादांची बायको. पुण्यात आई-बाबा त्यांच्याकडेच असायचे. आईंनी आयुष्यात विमानात पाय ठेवला नव्हता. पासपोर्ट मात्र काढला होता, आणि त्यातला फोटो चांगला आलाय म्हणून बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांना दाखवूनही झाला होता.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

बाबांना परत पाठवता आलं असतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण "आपल्या हातात काही नव्हतंच" अशी एक ऑफिशियल आवृत्ती आता आमच्या घरात तयार झाली आहे. अडकलेल्यांना भारतात नेणारी विमानं सुटत होती. बाबांचं नाव दोनदा लागलं. दोन्ही वेळा दोघा भावांनी व्हिडिओ कॉलवर मीटिंग घेतली आणि ठरवलं - बाबांची बायपास झालेली, तिकडे केसेस वाढतायत, इथे सेफ आहेत. बाबा तेव्हा शेजारच्याच खोलीत बसलेले असायचे. त्यांना कुणी विचारलं नाही, नुसतं सांगितलं. ते म्हणाले, "बरं." वाद घालायचा नसला की ते एवढंच म्हणतात.

बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. सगळी नोकरी धरणांच्या कॉलन्यांमध्ये गेली. ड्युटी संपली की गळ घेऊन पाण्यावर जायचं, हा एकच नाद. कणकेत हिंग, हळद आणि बडीशेपेची पूड घालून ते घट्ट गोळा मळायचे, गळाला लावायला. त्या कॉलन्यांमध्ये फोन एकच, तोही ऑफिसात. कुणाला मुलगा झाला, कुणाचा बाप गेला, असा निरोप आला की साहेब आईंना बोलावून घ्यायचे, आणि आई क्वार्टर-क्वार्टर चालत जाऊन तो पोचवायच्या. वाईट बातमी शेजारी बसून सांगायची, उभ्या उभ्या नाही, असा त्यांचा नियम होता.

एकदा बाबा सईला सांगत होते, "माझी आई गेली ना, तेव्हा मी धरणाच्या पलीकडच्या काठावर गळ टाकून बसलो होतो. तुझी आजी भर उन्हात चालत आली. एक शब्द बोलली नाही. नुसती शेजारी बसून राहिली. मग मला कळलं."

"बट हाऊ डिड यू नो, आजोबा? शी डिडन्ट से एनिथिंग!"

"तिच्या बसण्यावरून कळलं गं."

आमचा तो लांबलचक लॉकडाऊन संपला, घरापासून पाच किलोमीटरचं बंधन उठलं, आणि निखिल बाबांना पहिल्यांदा वरंगा बेसिनला घेऊन गेला. ह्यूम फ्रीवेने उत्तरेला, सीमोर, मग नगांबीच्या पुढे... दीड-पावणेदोन तास लागतात. सगळे त्याला लेक म्हणतात. बाबांनी मातीचा तो लांब बांध पाहिला आणि म्हणाले, "लेक कसलं, धरण आहे हे. कालव्याला पाणी सोडतात इथून." कित्येक महिन्यांनी त्यांचा चेहरा उजळलेला पाहिला. पाणी उन्हाळ्यामुळे खाली गेलेलं, बुडालेल्या झाडांचे पांढरे पडलेले बुंधे वर आलेले, आणि काठावर घड्या घालायच्या खुर्च्या टाकून बसलेली माणसं.

त्यातला ग्रेग हा आमचा शेजारी झाला. साठीचा, ट्रक चालवणारा, पायात कायम थाँग्ज म्हणजे आपल्या स्लिपर. तो रेडफिन नावाच्या माशासाठी यायचा, गांडुळं लावायचा. बाबांचा हिंगाचा गोळा बघून त्याने नाक मुरडलं. पण त्या गोळ्याला कार्प असे काही लागायचे की विचारू नका. इथे कार्प म्हणजे कचरा समजतात, पकडला तर जिवंत परत सोडायचासुद्धा नाही, कायदा आहे. ग्रेग म्हणायचा, "रबिश फिश, मेट!" आणि बाबा त्यांच्या ऑफिसच्या इंग्रजीत म्हणायचे, "नो सर. व्हेरी टेस्टी सर." एकदा मी कार्पचं कालवण डब्यातून नेलं. ग्रेगने ते पावाशी पुसून खाल्लं आणि तेव्हापासून बाबांना 'कॅप्टन' म्हणायला लागला. टोला लागला, म्हणजे मासा गळाला भिडला, की बाबा बसल्या जागेवरून उठायचे ते पंचविशीतल्या पोरासारखे. तेवढा वेळ त्यांचे गुडघे दुखत नसत.

डिसेंबरात आईंना कोविड झाला. आठवडाभरात गेल्या.

हेमंतदादा स्वतः पॉझिटिव्ह, घरात एका खोलीत बंद. हॉस्पिटलमध्ये मनीषावहिनी एकट्या गेल्या. आई सवाष्ण गेल्या. आमच्याकडे सवाष्ण गेली की तिला हिरवं लुगडं नेसवतात, हिरवा चुडा भरतात, कुंकवाचा मळवट लावतात, ओटी भरतात. नवऱ्याच्या आधी गेली म्हणून लोक तिला भाग्याची म्हणतात... ते मला कधी पटलं नाही, पण आईंना पटायचं, आणि तसंच जायचं होतं त्यांना. यातलं काही झालं नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेलं, म्युनिसिपालिटीच्या माणसांनी अग्नी दिला. वहिनींनी लांबून हात जोडले.

आणि त्याच दिवशी दोघा भावांनी पुन्हा मीटिंग घेतली. बाबांना सांगायचं नाही! एवढ्यात नाही. हार्ट पेशंट आहेत, लांब आहेत, जाता तर येणार नाही, मग कशाला. विमानाची सोय झाली की निघायच्या आधी शांतपणे सांगू.

मी म्हटलं, "निखिल, त्यांची बायको गेलीय. तुझं हुकलेलं प्रमोशन नाही लपवत आहात तुम्ही."

"तुला काय वाटतं, मला सोपं जातंय?" तो म्हणाला. "त्यांना काही झालं तर जबाबदारी तू घेणार आहेस?"

या वाक्यावर आपल्याकडे सगळे वाद संपतात. सुनेने तर पुढे बोलायचंच नसतं.

मग जे सुरू झालं ते सांगायचीही लाज वाटते. बाबांचा फोन 'स्लो झालाय' म्हणून निखिलने एक दिवस स्वतःकडे घेतला आणि नातेवाइकांचे सगळे ग्रुप काढून टाकून परत दिला. पुण्यात सगळ्यांना तंबी दिली की बाबांना फोन करायचा नाही. आई हॉस्पिटलमध्ये आहेत, वॉर्डात फोन चालत नाही, हळूहळू सुधारतायत, असं बाबांना रोज सांगायचं. दहावं-तेरावं झूमवर झालं. निखिलने ते गॅरेजमध्ये लॅपटॉप ठेवून बघितलं आणि त्या वेळी बाबा आत सईबरोबर पत्ते खेळत होते.

सगळ्यांत कहर म्हणजे हेमंतदादांनी आईंचा एक जुना व्हॉइस मेसेज शोधून पाठवला. "मी बरी आहे. तुम्ही जेवलात का? गोळ्या वेळेवर घ्या." निखिलने तो बाबांना ऐकवला, आत्ताच आलाय म्हणून. बाबांनी तो परत लावायला सांगितला. मग अजून एकदा. मग फोन परत दिला आणि अंगणात जाऊन बसले. निखिल मला म्हणाला, "बघ, किती बरं वाटलं त्यांना." त्या क्षणी मला या माणसाची किळस आली. लग्नाला तेव्हा दहा वर्षं होत आली होती.

संक्रांत आली. ज्या वर्षी घरात माणूस गेलंय, त्या वर्षी सण करत नाहीत. मी तिळगूळ केला नाही. निखिल म्हणाला, कर, नाहीतर त्यांना संशय येईल. केला. बाबांनी हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला आणि नंतर तो मला खिडकीत ठेवलेला सापडला.

त्याच सुमाराला एका शनिवारी मनीषावहिनींचा फोन आला. मी शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये होते, गाडीत एकटी, काचा बंद. बाबा घरी होते. वहिनी इतक्या रडत होत्या की आधी काही कळेचना. मग म्हणाल्या, "मृणाल, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईंच्या बांगड्या... नर्सने कापून नाही काढल्या, साबण लावून हळूच उतरवल्या गं. आणि द्यायला काही नव्हतं म्हणून हातातल्या त्या रबरी मोज्यात भरल्या, गाठ मारली आणि मला दिल्या. मी तो मोजा उघडलेला नाही. माझ्या कपाटात साड्यांच्या मागे आहे. ह्यांना सांगितलं तर ते कोसळतील. सवाष्ण बाई मोकळ्या हातांनी गेली गं."

मी हे निखिललाही सांगितलं नाही. वहिनींनी शपथ घातली होती म्हणून नाही. तो हेही कुठल्यातरी मीटिंगमध्ये ठेवील, म्हणून.

तर तो दिवस. जानेवारी अखेरचा लाँग वीकेंड, चाळिशीच्या आसपास तापमान. आम्ही चौघं वरंगाला गेलो. जेवणं झाली आणि निखिल सईला घेऊन गावात गेला, बर्फ आणि आइस्क्रीम आणायला. मी थोडी मागे झाडाखाली पडले होते. बाबा पाण्याजवळ, छत्रीच्या सावलीत आपल्या खुर्चीत. त्यांचा फोन माझ्या पर्समध्ये होता, उन्हाने तापतो म्हणून त्यांनीच दिला होता.

ग्रेग चालत माझ्याकडे आला. "लव्ह, यू माइट वॉन्ट टू चेक ऑन द कॅप्टन," तो म्हणाला. "ही'ज गॉट अ फिश ऑन अँड ही वोन्ट टच इट."

मी उठून बघितलं. बाबांचा रॉड स्टँडमध्ये कमानीसारखा वाकला होता, रीळ करकरत होतं, आणि बाबा त्याकडे बघतही नव्हते. ते जमिनीवर बसले होते. गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलेला माणूस, खाली बसला की उठवायला कुणीतरी लागतं, तो तापलेल्या मातीवर मांडी घालून बसला होता. खुर्ची त्यांच्या शेजारी होती, छत्रीच्या सावलीत सरकवलेली. रिकामी. बाबा स्वतः उन्हात होते. ग्रेगने पुढे होऊन रीळ हातात घेतलं.

मी खुर्चीला हात लावला, बाबांना तीवर बसवावं म्हणून.

"राहू दे," बाबा म्हणाले. "हलवू नकोस." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मृणाल, कधी गेली गं ती?"

निखिल तिथे नव्हता. मीटिंगही नव्हती.

"डिसेंबरात, बाबा," मी म्हटलं.

"बरं," बाबा म्हणाले.

ग्रेगने कार्प ओढून काठावर आणला होता. तो मोठा होता, तडफडत होता. आमच्याकडे एकदा बघून ग्रेग तो घेऊन लांब गेला.

"बराच वेळ बसली होती," बाबा सांगायला लागले. आवाज अगदी साधा होता, बसची वाट बघताना बोलावं तसा. "आधी काही बोललीच नाही. माझ्या आईच्या वेळी आली होती ना, तशीच आली. मी म्हटलं, खाली नको बसूस, गुडघे दुखतात तुझे, म्हणून खुर्ची दिली. कुठलीतरी निळ्या फुलांची मॅक्सी घातली होती, कधी पाहिली नाही मी ती. मग हात पुढे केले. मोकळे हात. मी म्हटलं, अगं, बांगड्या कुठायत तुझ्या? तर म्हणाली, रबराच्या मोज्यात बांधून दिल्यात, मनीषाकडे आहेत."

मी बसले. खुर्चीत नाही, खाली मातीवर, बाबांच्या समोर.

बाबा म्हणाले, "मला उठव. आंघोळ करायचीय." मी त्यांना धरून उठवलं. ते तसेच, शर्ट-पँटसकट, चिखल तुडवत पाण्यात गेले आणि कमरेइतक्या पाण्यात डोक्यावरून बुडी मारली. मृत्यूची बातमी आली की आपल्याकडे जी आंघोळ करतात ती. त्यांना महिनाभर कुणी ती करू दिली नव्हती.

तेवढ्यात निखिलची गाडी आली. तो आइस्क्रीम टाकून धावत आला. "बाबा! अहो, काय करताय? बुडाल!"

"उकडतंय रे," बाबा म्हणाले.

गाडीकडे जाताना माझा हात धरून हळूच म्हणाले, "याला सांगू नकोस मला कळलंय ते. बघू कधी सांगतात."

मी ग्रेगला गाठलंच. काय पाहिलंस, म्हणून विचारलं. त्याने कुणाला पाहिलं नव्हतं. कॅप्टन बोलत होता एवढं नक्की, तो म्हणाला, मला वाटलं फोनवर असेल. मध्येच उठला, खुर्ची सावलीत सरकवली, हाताने झटकली आणि स्वतः खाली बसला. "लाइक यू डू फॉर अ लेडी," ग्रेग म्हणाला. बस, एवढंच.

त्या आठवड्यात बाबांनी माझ्याकडे एक गोष्ट मागितली. हिरव्या बांगड्या. क्रेगीबर्नमधल्या इंडियन दुकानात मागच्या बाजूला काचेच्या बांगड्या मिळतात. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "घर में शादी है क्या, दीदी?" मी हो म्हटलं. काय सांगणार होते?

पुढच्या वीकेंडला परत वरंगा. निखिल सईला पोहायला घेऊन गेला होता. बाबांनी रॉडवरचा गळ काढून टाकला, बांगड्यांची जुडी दोऱ्यात ओवली आणि आपली नेहमीची दुहेरी गाठ मारली. मी हळदीकुंकवाची डबी आणली होती. बांगड्यांना कुंकू लावलं, मूठभर तांदूळ पाण्यात सोडले. बाबांनी रॉड मागे नेला आणि फेकला, त्या पांढऱ्या बुंध्यांच्या दिशेने. दोरी सुळकन गेली. थोडा वेळ काहीच नाही. मग टोला लागला. मासा ओढतो तसा झटका नव्हता, हळूच ओढ होती, जशी लहान मूल पदर ओढतं तशी. बाबांनी रीळ गुंडाळलं. दोऱ्याच्या टोकाला फास होता, गाठ जशीच्या तशी, आणि बांगडी एकही नाही.

याचं उत्तर आहे माझ्याकडे. काच आहे, बुंध्यावर आपटून सगळ्या फुटल्या असतील. पटण्यासारखं आहे आणि मी ते मान्य करते. या भागाचा मला त्रास होत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी अखेर बाबांच्या विमानाचं ठरलं आणि मग दोघा मुलांनी 'सांगायचा' कार्यक्रम आखला. निखिलने बाबांचं बीपी मोजलं. पाण्याचा ग्लास आणि जिभेखालची गोळी टीपॉयवर तयार ठेवली. हेमंतदादा व्हिडिओवर होते. बरीच प्रस्तावना झाली - परिस्थिती, डॉक्टरांचे प्रयत्न, देवाची इच्छा. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"बरं," ते म्हणाले. मग म्हणाले, "हेमंत, तो मेसेज पाठवला होतास ना तिच्या आवाजातला, त्यात मागे कुकरची शिट्टी होती. दोन शिट्ट्या. वॉर्डात कुकर लावतात का रे हल्ली?"

निखिलने मान खाली घातली ती वर केलीच नाही. बाबा उठून खोलीत गेले आणि बॅग भरायला लागले. त्या दिवसापासून ते मुलांशी कामापुरतं बोलतात. आणि हेमंतदादा काय सांगतात लोकांना माहीत आहे? "बाबांनी किती शांतपणे घेतलं! आपण थांबलो तेच बरं झालं."

आता माझं टेस्टिंग. आई गेल्या हे बाबांना आपणहून कळलं असणार, हे मला मान्य आहे. कुकरची शिट्टी होती, गायब झालेले ग्रुप होते, माझा चेहरा होता. उन्हात बसून, मनात महिनाभर दाबलेलं डोळ्यांसमोर दिसू शकतं, हेही मान्य. जुनी आठवण होती, तशीच दिसली. इथपर्यंत कुठेच अडत नाही.

पण हातमोजा? मी वहिनींना पुन्हा पुन्हा विचारलं. त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. बाबांशी त्यांचं त्या महिन्यांत बोलणं झालं नव्हतं, तशी सोयच मुलांनी ठेवली नव्हती. मी तो फोन बंद गाडीत घेतला होता. झोपेत बडबडले असेन म्हणावं, तर बाबांची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला आणि त्यांना कमी ऐकू येतं. आणि निळ्या फुलांची मॅक्सी... ती तर मलाही माहीत नव्हती. मी वहिनींना फोनवर विचारलं. ती त्यांची स्वतःची होती. ॲडमिट करताना घाईत आईंना तीच घातली होती. प्लास्टिकमध्ये आई त्याच मॅक्सीत गेल्या.

हे मला कुठूनही मोडता येत नाही. कुणाला जमत असेल तर खरंच सांगा, उपकार होतील.

बाबांना एअरपोर्टवर सोडायला मी गेले. निखिल पार्किंगमध्येच थांबला, बाबांनीच त्याला "तू थांब" म्हटलं होतं. आत जवळजवळ कुणी नव्हतं, आमच्या तोंडावर मास्क. मी विचारलंच, "बाबा, खरं सांगा. वहिनींनी कळवलं होतं का तुम्हाला कसंतरी? मी कुणाला सांगणार नाही."

बाबांनी मास्क जरा खाली केला.

"अगं, कुणीतरी सांगायला हवं होतं ना मला," ते म्हणाले. "तुम्ही पोरं सांगेनात. मग आयुष्यभर जगाचे निरोप तिनेच पोचवले, स्वतःचाही तिलाच पोचवावा लागला."

मग त्यांनी बॅगेचं हँडल धरलं आणि आत गेले.